मंगळवार-शुक्रवारचा वाचनतास: एका मंडळीचं पालिका शाळेतलं वर्ष

मध्य मुंबईतली एक मराठी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे एका चर्चचा सभासदवर्ग, आणि तिच्यापासून चालत दहा मिनिटांवर असलेली महानगरपालिकेची मराठी प्राथमिक शाळा. 2024-25 या शैक्षणिक वर्षात या दोघींमध्ये जे घडलं त्याची ही नोंद आहे. मंडळीचं, शाळेचं किंवा कुणाही माणसाचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. मी या मंडळीची सभासद आहे आणि पालिकेच्याच शाळांत नोकरी करून निवृत्त झालेली शिक्षिका आहे, त्यामुळे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत काय बोललं जातं आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत काय बोललं जातं, दोन्ही मला ठाऊक आहे. चर्च असो, देऊळ असो, मशीद असो की गणेशोत्सव मंडळ, "शेजारच्या शाळेसाठी काहीतरी करू या" हा विषय सगळीकडेच निघतो. तो निघाल्यावर पुढे काय काय होतं, हे एका ठिकाणच्या अनुभवातून सांगते.

दप्तरं नकोत, माणसं द्या

सुरुवात नेहमीसारखीच झाली. उपकारस्तुतीच्या सणाला जमलेल्या दानातून काही रक्कम शिल्लक होती. शाळा उघडायच्या तोंडावर कमिटीत ठराव आला की पालिका शाळेतल्या मुलांना दप्तरं आणि वह्या वाटाव्यात. हेतू चांगलाच होता. पण मुंबईत पालिका आपल्या विद्यार्थ्यांना गणवेश, बूट, दप्तर, वह्यांसकट 27 शालोपयोगी वस्तू मोफत देते. कधी उशिरा मिळतात, कधी मापाच्या नसतात, पण मिळतात. आमचं दप्तर हे त्या मुलाचं दुसरं दप्तर झालं असतं आणि आमच्या हाती वाटपाचा एक फोटो उरला असता. मी ते कमिटीत बोलून दाखवलं आणि आधी शाळेत जाऊन विचारू या, असं सुचवलं.

मुख्याध्यापिकाबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "कार्यक्रम नको. माणसं द्या. आणि आज आलेलं माणूस पुढच्या आठवड्यातही यायला हवं."

त्यांची अडचण खरी होती. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण दिलेलं आहे. कागदावर त्यांच्या शाळेत ते बसतही होतं. पण त्याच कायद्याचं कलम 27 शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीच्या कामाला लावायची मुभा देतं, आणि 2024 हे दोन निवडणुकांचं वर्ष होतं. मुंबईत 20 मे ला लोकसभेचं मतदान झालं, 20 नोव्हेंबरला विधानसभेचं. एक बाई मतदार यादीच्या कामावर गेल्या की तिसरीच्या दोन तुकड्या एका वर्गात बसत. साठेक मुलं, एक फळा. अशा वर्गात पुढच्या दोन बाकांपर्यंत शिकवणं पोहोचतं. मागची मुलं शांत बसायला शिकतात. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही मला ती शांतता बघवत नाही.

ठरलं ते एवढंच: मंगळवारी आणि शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर एक तास, तिसरीतली मागे राहिलेली मुलं, एका मोठ्या माणसाकडे चार-पाच मुलं, आणि वर्षभर तेच मोठं माणूस. काय वाचायचं ते वर्गशिक्षिका ठरवतील. मुख्याध्यापिकाबाईंनी विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवला, वरून लेखी परवानगी आणली आणि मग आम्हाला बोलावलं. आमच्यातल्या काहींना हे सगळं फार वाटलं. मला त्यातच बाईंचा अनुभव दिसला.

ऑगस्ट

आम्ही जायला लागलो न लागलो तोच बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं. 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. शाळेच्या आवारात बाहेरचं कोण येतं, हा प्रश्न त्या आठवड्यात मुंबईतल्या प्रत्येक आईच्या तोंडी होता. आमचा तास थांबला. प्रत्येक स्वयंसेवकाची पोलिस पडताळणी झाल्याशिवाय तो सुरू होणार नाही, असं बाईंनी कळवलं.

मंडळीत नाराजी झाली. "आम्ही सेवा करायला जातो आणि आमचीच चौकशी?" असं म्हणत काही जण गळाले, त्यांत वयाने आणि मानाने मोठी माणसंही होती. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे की पडताळणीचा राग येणाऱ्या माणसाला लहान मुलांमध्ये पाठवूच नये. जे राहिले त्यांच्यासाठी नियम ठरले. तास हॉलमध्ये, दारं उघडी ठेवून. हॉलमध्ये कायम किमान दोन मोठी माणसं. मोबाइल ऑफिसात जमा. फाटकावरच्या वहीत आल्या-गेल्याची वेळ आणि सही. मुलांचे फोटो नाहीत, खाऊ नाही, घरी सोडायला जाणं नाही. खाऊवरून सगळ्यात जास्त कुरकुर झाली, कारण आपल्याकडे मुलाला हातावर काही न देता जवळ बसवणं लोकांना जड जातं.

गणपती आटोपल्यावर कागद आले आणि तास पुन्हा सुरू झाला. येणारे बहुतेक निवृत्त लोक आणि महिला मंडळातल्या बायका. तरुण संघातल्या मुलांना यायचं होतं, पण त्यांना रविवार मोकळा आणि शाळेला रविवारी कुलूप.

बोट एका ओळीवर, तोंड दुसऱ्या

पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचायला लावलं. अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट अशा चढत्या पायऱ्या घ्यायच्या आणि मूल कुठे अडतं ते पाहायचं, ही पद्धत मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीमुळे 2005 पासून देशभर माहीत झाली आहे. पाच मिनिटांत कळतं.

एका मुलाने पुस्तकातला धडा घडाघडा म्हणून दाखवला. आवाज मोठा, कुठे अडखळणं नाही. बाजूला बसलेल्या आमच्या स्वयंसेविका खूश झाल्या. मी त्याच्या बोटाकडे बघत होते. बोट तिसऱ्या ओळीवर होतं आणि तोंडून पाचवी ओळ येत होती. मी पान झाकलं, तरी धडा चालूच राहिला. मग त्याच धड्यातला एक शब्द सुट्या कागदावर लिहून दिला, तेव्हा तो माझ्या तोंडाकडे पाहायला लागला. दोन वर्षं वर्गात बसून त्याने ऐकून ऐकून धडे पाठ केले होते. ही मोठी हुशारी आहे, आणि त्या हुशारीमुळेच त्याला वाचता येत नाही हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

अशी मुलं एकटी-दुकटी नसतात. घरी भोजपुरी किंवा कानडी बोलणारी आणि शाळेत मराठी वाचणारी मुलं तर अर्थ न कळताही चालीवर धडा म्हणतात. त्यांना आणखी एकदा धडा वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता. जिथे अडलंय तिथपर्यंत मागे जायला हवं होतं.

इथे रेल्वेच्या बुकिंग ऑफिसातून निवृत्त झालेल्या एका काकांनी जे केलं ते शिकवण्याचं कुठलंही प्रशिक्षण नसताना केलं. त्यांनी पुठ्ठ्यावर स्टेशनांच्या पाट्या लिहून आणल्या. परळ. भायखळा. चिंचपोकळी. रोज दिसणारी नावं, मुलांना तोंडपाठ, पण सुटी करून कधी पाहिलेली नव्हती. काका पाटीवर बोट ठेवून विचारत, "परळमधला ळ अजून कुठल्या स्टेशनात सापडतो?" मुलं पुठ्ठे उचलून शोधत. ‘परल’ म्हणणारी पोरं दोन आठवड्यांत ळ नुसता वाचायलाच नाही, म्हणायलाही लागली. काना-मात्रा झाल्यावर काकांनी रफार काढला: चर्नी रोड, चर्चगेट. मग पूर्व आणि पश्चिम, म्हणजे एकात रफार आणि दुसऱ्यात जोडाक्षर. सँडहर्स्ट रोड सगळ्यात शेवटी आला. ज्याला तो वाचता आला त्याने हॉलभर मिरवून घेतलं.

काकांचं हे काम बघताना मला बालसखींची आठवण झाली. 1990च्या दशकात मुंबईच्या पालिका शाळांमध्ये ‘प्रथम’ संस्थेने वस्तीतल्याच शिकलेल्या मुली अशा कामासाठी घेतल्या होत्या. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं त्या रोज दोन तास वेगळी बसवत. पुढे 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात याचा नीट अभ्यास झाला. तो करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना 2019 मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासोबत नोबेल मिळालं. मुलांची प्रगती झाली, आणि सगळ्यात मागे असलेल्यांची अधिक झाली, असं त्यातून दिसलं. त्या मुलींकडे मोठ्या पदव्या नव्हत्या. मूल जिथे आहे तिथून सुरू करायचं आणि रोज करायचं, एवढं मात्र त्या चुकवत नसत. आमचे आठवड्याचे दोन तास त्यापुढे थोडेच होते, आणि हे मी मंडळीत दर वेळी सांगत असे. चार मंगळवारांत चमत्कार मागणारी माणसं पाचव्या मंगळवारी येत नाहीत.

एका मुलीचं वाचन कशानेच पुढे सरकेना. आमच्यातल्या एका आजींच्या लक्षात आलं की ती पुस्तक नाकाजवळ नेते आणि पुठ्ठ्यावरची मोठी अक्षरं चटकन वाचते. बाईंनी तिला शाळेच्या आरोग्य तपासणीत पुढे घेतलं. चष्मा लागला. साठ मुलांच्या वर्गात हे कुणाला दिसलं असतं, असं मला वाटत नाही.

गाणं

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली गोष्ट. खिचडी खाऊन आलेली मुलं चुळबुळत होती. महिला मंडळातल्या एक बाई वर्षानुवर्षं आमच्या शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या शाळेत, शिकवतात आणि मुलांना गोळा करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांनी शेवटची दहा मिनिटं हातवाऱ्यांचं एक गाणं घेतलं. शब्बाथशाळेतलंच. त्यात येशूचं नाव होतं. मुलं खूश, बाई खूश.

एका मुलीने घरी ते गाणं म्हटलं. वडिलांनी मोबाइलवर घेतलं आणि चाळीच्या ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी ते चार-पाच जणांना घेऊन मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत उभे होते. शब्द एकच: धर्मांतर. बाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि वाचनतास त्याच क्षणी बंद केला. त्यांनी योग्यच केलं.

मंडळीत दोन तट पडले. काही म्हणाले, यात वाईट काय शिकवलं? कॉन्व्हेंट शाळांत सगळ्या धर्मांची मुलं नाताळची गाणी म्हणतातच की. पण त्या शाळा पालकांनी निवडलेल्या असतात, आणि पालिकेची शाळा सगळ्यांच्या पैशावर चालते. राज्याच्या निधीतून पूर्णपणे चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असं संविधानाच्या अनुच्छेद 28 मध्ये स्वच्छ लिहिलं आहे. बाईंचा हेतू कितीही निर्मळ असला तरी त्या आवारात ते गाणं बसत नव्हतं. दुसरा तट म्हणाला, हात जोडून बाहेर पडू या, आपल्यामुळे शाळेला त्रास नको. हे ऐकायला नम्र वाटतं. पण त्या चार-पाच मुलांच्या गटांचं काय, याचं उत्तर त्यात नव्हतं.

वडिलांचा राग मला अनाठायी वाटला नाही, आणि त्याला या शहरात मोठा इतिहास आहे. मुंबईत मिशनच्या शाळा 1813 साली आलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांच्या अमेरिकन मराठी मिशनपासून सुरू झाल्या. 1824 मध्ये त्याच मिशनने मुलींची शाळा काढली. आमच्या मंडळीला याचा अभिमान आहे आणि तो असावाच. पण 1839 मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं, शहर ढवळून निघालं आणि पालकांनी मुलं शाळेतून काढून घेतली. शाळेत गेलेलं मूल आपलं राहील ना, ही धास्ती मुंबईतल्या आईबापांच्या मनात तेव्हापासून आहे. आपल्या इतिहासातला शाळांचा भाग घ्यायचा आणि हा भाग गाळायचा, असं आम्हाला करता येणार नव्हतं.

शाळा व्यवस्थापन समितीची तातडीची बैठक ठरली. पाळकसाहेबांनी जावं की नाही यावर आमच्याकडे खूप खल झाला. त्यांना पाहून लोक जास्तच भडकतील, अशी भीती होती. मला वाटत होतं की जावंच. ज्या मंडळीतून माणसं येतात तिचा प्रमुख तोंड लपवतो, यापेक्षा मोठा संशय कुठला? ते गेले. साध्या शर्ट-पँटमध्ये, हातात काही नाही.

बैठकीत मुलीच्या वडिलांनी सरळ विचारलं, "तुम्ही फुकट का येता?"

या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत चांगला प्रश्न होता. पाळकसाहेब म्हणाले, "शेजाऱ्यावर प्रीती करा असं आमच्या धर्मात सांगितलंय, म्हणून येतो. ते लपवणार नाही. पण या फाटकाच्या आत ते बोलणारही नाही." मग बुकिंग ऑफिसातले काका उभे राहिले. ते स्वतः पालिकेच्या शाळेत शिकलेले. "मला वाचायला शिकवलं ते अशाच शाळेतल्या बाईंनी. त्या काही ख्रिस्ती नव्हत्या. ते फेडतोय," एवढंच बोलून खाली बसले.

वडील लगेच निवळले, असं काही झालं नाही. पण समितीच्या अध्यक्ष, ज्या स्वतः चौथीतल्या एका मुलाची आई आहेत, त्यांनी तिथल्या तिथे तोडगा मांडला: "तास चालू दे. आमच्यातली एक आई रोज हॉलमध्ये बसेल." शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. बहुतेक शाळांत ही समिती सह्यांपुरती उरते. इथे ती बोलली. प्रार्थना नाही, धार्मिक गाणी नाहीत, पुस्तकं-पत्रकं नाहीत, चर्चच्या कार्यक्रमाची आमंत्रणं नाहीत, भेटवस्तू नाहीत, नाताळातसुद्धा नाहीत, हे सगळं बैठकीच्या इतिवृत्तात लिहून दोन्ही बाजूंनी सह्या केल्या.

ज्या बाईंनी गाणं घेतलं त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंना स्वतःच्या हाताने माफीचं पत्र लिहिलं. त्यांना हॉलमध्ये परत येऊ द्यावं असं मी सुचवलं, कारण मुलांना सांभाळण्यात आमच्यात त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं. मुख्याध्यापिकाबाईंनी नकार दिला. त्यांची बाजू मला कळते, तरी मनाला लागलं ते लागलंच. बाई आता घरी बसून शब्दपट्ट्या तयार करतात, ठसठशीत वळणदार अक्षरात, आणि त्या काकांच्या हाती पाठवतात.

जानेवारीनंतर

लक्ष ठेवायला आलेली पहिली आई दोन दिवस हॉलच्या भिंतीला टेकून बसली. तिसऱ्या वेळी एका मुलाला तिनेच दटावलं: "अरे नीट बघ, तिथे वेलांटी आहे." त्यानंतर ती गटात बसायला लागली. दुसरी एक आई चौथीपर्यंत शिकलेली, संकोचायची. आधी मुलांसोबत स्वतः वाचायची, मग त्यांना वाचायला लावायची. मार्चपर्यंत निम्मे गट आयांकडे गेले होते. आमची माणसं गावाला गेली, आजारी पडली, कुणाच्या घरी नातवंडं आली, तरी तास चुकत नव्हता, कारण आया वस्तीतच राहतात. खरं तर बालसखींचंही बळ हेच होतं. जूनमध्ये कमिटीत बसून आम्ही हे ठरवलं नव्हतं, आणि चाळीतल्या त्या ग्रुपवर गाणं गेलं नसतं तर आया हॉलमध्ये आल्याही नसत्या.

वर्षअखेरीस पुन्हा एकेकाला बसवून वाचून घेतलं. निम्म्याहून अधिक मुलं परिच्छेदापर्यंत आली, त्यांतली काही गोष्ट वाचू लागली. पाठांतरवाला मुलगा गोष्ट वाचतो, हळू वाचतो, पण बोट आणि तोंड एका ओळीवर असतं. काही मुलं शब्दांवरच थांबली. त्यांपैकी एका-दोघांना याहून वेगळ्या, तज्ज्ञ मदतीची गरज आहे आणि ती आमच्या हातची नाही. विशेष शिक्षकांकडे त्यांची नावं दिली आहेत. काही घरं एप्रिलमध्ये गावी गेली आणि ती मुलं पुन्हा याच शाळेत येतील की नाही, हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

पास्टरेट कमिटीने दप्तरांसाठी ठेवलेली रक्कम आता पुठ्ठे, खडू, गोष्टींची पुस्तकं आणि ज्या आयांची मजुरी बुडते त्यांच्या मानधनासाठी वळवली आहे. मानधन मंडळीच्या हातून द्यायचं नाही, समितीमार्फत द्यायचं, असं वडिलांच्या आग्रहावरून ठरलं. हो, तेच वडील. आता ते समितीत आहेत आणि हिशेब तेच तपासतात. गाण्याबद्दल त्यांचं मत बदललेलं नाही.

जूनमध्ये मुख्याध्यापिकाबाईंची बदली झाली. नव्या मुख्याध्यापकांना या सगळ्याची काहीच कल्पना नव्हती. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी चहाही न विचारता पहिला प्रश्न केला की पडताळणीची कागदपत्रं आणि परवानगी कुठे आहे. अध्यक्षबाईंनी उठून कपाटातून फाइल काढली, इतिवृत्ताचं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं आणि सांगितलं की यादीतल्या दोघांची पडताळणी या वर्षी नव्याने करावी लागेल, तोवर ते दोघे येणार नाहीत, बाकीचा तास मंगळवारपासून.